मुलाने घरी सांगितल्यावर

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुळशीचे लग्न झाले की घरोघरी स्थळांचा विषय निघतो. आपण समलिंगी आहोत हे कळून चुकलेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या मुलामुलींची घुसमट याच दिवसांत सर्वाधिक वाढते. बायोडाटा पाहुण्यांत फिरू लागतो आणि इतकी वर्षे दाबलेली गोष्ट एखाद्या भांडणात तोंडून निघून जाते. भांडणात सांगितलेले आईवडिलांना लग्न टाळायचा बहाणा वाटतो, म्हणून ती वेळ वाईटच.

हा ताण लैंगिक कलामुळे येत नाही, तो लपवालपवीचा असतो. घरात फोन कायम पालथा ठेवायचा, नंबर दुसऱ्याच नावाने सेव्ह करायचा, 'तो'च्या जागी 'ती' म्हणायचे. वर्षानुवर्षे असे सावध राहून झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही.

सांगायचेच असेल तर आधी एकाच विश्वासाच्या माणसाला सांगावे; बहीण, मावशी, जो ऐकून घेईल तो. सण, पाहुणे, परीक्षा यांचे दिवस त्यासाठी टाळावेत. शिक्षण आणि राहणे घरच्यांवर अवलंबून असेल आणि मारहाणीची किंवा घराबाहेर काढण्याची भीती असेल, तर थांबण्यात कमीपणा नाही. आधार कार्ड, मार्कशीट, थोडे पैसे आणि दोन-चार दिवस राहता येईल असे एखादे घर, एवढी तयारी आधी हवी.

पालक बिघडवतात ते घाईने. फोन काढून घेणे, कॉलेज बंद करणे, देवऋषाकडे नेणे, 'लग्न झालं की सुधारेल' म्हणून तारीख धरणे. त्या लग्नात दुसऱ्या घरचे पोरही होरपळते. 'बरे करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरकडे तर मुळीच जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा 'कन्व्हर्जन थेरपी'ला व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे.

मुलाने सांगितले त्या रात्री पालकांनी एवढेच म्हणावे: 'आम्हाला समजायला वेळ लागेल, पण तू आमचाच आहेस.' जेवायला नेहमीसारखे बोलवावे, फी वेळेवर भरावी. भावकीत कुणालाही मुलाच्या परवानगीशिवाय सांगू नये. बाहेरून कानावर आले की मुलाचा घरावरचा उरलासुरला विश्वासही जातो. आईवडिलांनाही धक्का बसतो, रडू येते. ते त्यांनी समुपदेशकापाशी मोकळे करावे, मुलाला अपराधी ठरवून नव्हे.

दोन आठवडे झोप-जेवण बिघडलेले, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, 'मी नसतो तर बरं' अशी भाषा, यांतले काही दिसले तर सरळ विचारावे, 'जीव द्यायचा विचार येतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आले तर मुलाला एकटे सोडू नये, औषधे, कीटकनाशके हाताशी ठेवू नयेत आणि त्याच दिवशी सीपीआरमध्ये (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आपण रोजच्या अंकात छापावा, ही विनंती.

मानसिक आरोग्य क्षेत्रातील काही कार्यकर्ते, कोल्हापूर