हाक

रत्नागिरी,
३ ऑक्टोबर २०२३

प्रिय सखी,

तुझं पत्र गणपतीच्या आधीच मिळालं होतं. ‘ऐकू येतं, छान आहे, एवढ्यावर भागवू नकोस, नेमकं काय नि कसं ऐकू येतं ते लिही,’ असं तू बजावलंयस, म्हणून निवांत वेळ मिळेपर्यंत थांबले.

एप्रिलमध्ये कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन झालं, म्हणजे कानाच्या आत विजेने आवाज पोचवणारी एक बारीक तार बसवली, पण त्या दिवशी काहीच ऐकू येत नाही गं. जखम भरायला तीन-चार आठवडे देतात आणि मग ‘स्विच ऑन’ करतात. कानामागे मशीन, त्याच्या वायरला एक गोल चकती, आणि ती कातडीखालच्या लोहचुंबकाला बरोबर जाऊन चिकटते. ऑडिओलॉजिस्ट ताई (ऐकण्याच्या तज्ज्ञ) कॉम्प्युटरवरून आतला एकेक इलेक्ट्रोड, म्हणजे तारेवरचा वीज सोडणारा ठिपका, सुरू करत होत्या आणि अगदी बारीक ऐकू आलं तरी मी बोट वर करायचं होतं. ते झाल्यावर त्या माझ्याशी बोलल्या. ओठ हलताना दिसत होते आणि कानात पिठलं रटरटत होतं! मधेच शिट्टी, मधेच टिंग टिंग, शब्द एकही नाही. मला रडू कोसळलं. आनंदाचं नव्हतं ते.

त्या रात्री लेकीने मला एक गोष्ट वाचायला दिली. विजेची बॅटरी बनवणाऱ्या व्होल्टाने स्वतःच्या कानांत धातूच्या कांड्या घालून वीज सोडून पाहिली होती. घट्ट काहीतरी उकळत असावं तसा आवाज आला, असं त्याने १८०० साली एका पत्रात लिहून ठेवलंय. माझं काही बिघडलेलं नव्हतं तर! तेवढ्या वाक्याच्या आधारावर मी तो पहिला आठवडा काढला.

माझ्या कानातल्या तारेवर २२ इलेक्ट्रोड आहेत. चांगल्या कानात आवाज मेंदूकडे पोचवणाऱ्या पेशीच साधारण साडेतीन हजार असतात. एवढ्यांचं काम २२ जणांकडून करून घ्यायचं म्हणजे उरलेलं मेंदूलाच जुळवावं लागतं, आणि त्यासाठी त्याच्याजवळ जुनी शिदोरी हवी. मला तिशीपर्यंत ऐकू येत होतं, ती शिदोरी आता कामाला येते आहे.

घरी आल्यावर सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल? माझ्याच बांगड्यांचा. दिवसभर बारीक खणखण चालू, आणि मी घरभर शोधतेय. शेवटी लेकीने माझा हात धरून ठेवला, तेव्हा आवाज थांबला. बांगड्या चार दिवस काढून ठेवल्या नि पाचव्या दिवशी पुन्हा घातल्या, कारण त्यांच्यावाचून हात मुका वाटायला लागला.

लेकीने एक वही केलीय. मी ‘हा कसला आवाज?’ विचारायचं, तिने शोधून सांगायचं नि लिहायचं. फ्रिज. गॅलरीतलं कबुतर. शेजारचा खराटा. स्कूटरचा इंडिकेटर. किराणाची प्लास्टिकची पिशवी (ही सर्वांत कर्कश, चुरगळली की डोक्यात जाते). यातली खरी नवलाई सांगते. नाव कळेपर्यंत तो नुसता गोंगाट असतो. एकदा ‘पाल चुकचुकली’ असं कुणी सांगितलं की पुढच्या वेळी पालच ऐकू येते. मोहरीचं तसंच झालं. इतकी वर्षं मी मोहरीकडे बघून फोडणी करत होते आणि तडतड हा शब्द फक्त पुस्तकात भेटत होता. परवा पाठ फिरवून कोथिंबीर चिरत होते, कढईतून तडतड आली आणि मी न बघता गॅस बारीक केला. कढईपाशी तशीच उभी राहिले कितीतरी वेळ.

पाऊस म्हणशील तर तो घरात बसून ऐकायचा, कारण मशीन भिजवून चालत नाही. रात्री ते कोरड्या डबीत ठेवते, आपल्याकडच्या दमट हवेत तेही करावंच लागतं. पण जूनमध्ये कौलांवरचा पहिला पाऊस ऐकला. पाऊस उघडल्यावर पागोळ्यांची टपटप, तीही वेगळी कळली. गाणं मात्र अजून परकं आहे. गणपतीत टाळ आणि ठेका इतका स्वच्छ आला की मी बरोबर टाळ्या वाजवल्या, आरतीचे शब्दही पकडले, पण सूर सगळे एका रेषेत. तुझ्या आवाजात ऐकलेली भजनं मला चालीसकट आठवतात. ती चाल आता कानात शिरत नाही याचं दुःख आहे, ते तुझ्यापासून काय लपवायचं!

आणि आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. ओठांवरून वाचणाऱ्याला ‘मामा’ आणि ‘बाबा’ सारखेच दिसतात, हे मी तुला पूर्वी दाखवलं होतं. २०२० मध्ये मास्क आले नि तेवढाही आधार गेला. दुकानदार, डॉक्टर, शेजारी, सगळ्यांची तोंडं झाकलेली. तेव्हाच ऑपरेशनचं मनाने घेतलं. पण त्याहून जुनी गोष्ट अशी की मला हाक मारता येत नसे. कुणाला बोलवायचं असलं की खांद्याला हात लावायचा, नाहीतर दिवा चालू-बंद करायचा. लेक लहानपणी पायाने जमीन आपटायची. ती बोलायला शिकली तेव्हा माझे कान जवळपास गेले होते. तिचा ‘स’ नि ‘श’ मी कधी ऐकलाच नव्हता.

आता ती रोज सकाळी माझ्या पाठीमागे तोंडावर हात धरून उभी राहते आणि म्हणते: आ, ई, ऊ, म, श, स. मी ऐकेन तसं परत म्हणते. मशीन नीट चालतंय का ते तपासायची ही रीत आहे. ‘स’ आणि ‘श’ मी जुलैपर्यंत चुकत होते. ऑगस्टमध्ये एका दुपारी मी ओटा पुसत होते, आणि आतल्या खोलीतून ‘आई, माझा सदरा कुठाय?’ ‘सदरा’मधल्या ‘स’सकट ऐकू आलं. भिंतीपलीकडून! मी ‘दोरीवर’ म्हणाले. तिला आधी काही वाटलंच नाही. मग ती धावत बाहेर आली.

एका रविवारी आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो होतो. मेलबर्नच्या ग्रॅम क्लार्क नावाच्या डॉक्टरांना १९७७ मध्ये असंच समुद्रकिनारी शंखात गवताची पाती सरकवताना सुचलं, की टोकाशी लवचीक आणि पुढे ताठ होत जाणारी तार आतल्या कानाच्या शंखासारख्या वेटोळ्यात खोलवर जाईल. पुढच्याच वर्षी त्यांनी त्यांचं असं पहिलं ऑपरेशन केलं. मीही एका शंखात गवताचं पातं घालून पाहिलं. थोडं गेलं नि अडकलं. पण हात थरथरत होता, कारण तसंच काहीसं माझ्या डोक्यात बसलंय.

तुझा आवाज मला वीस वर्षांपूर्वीचा आठवतो, किंचित घोगरा. फोनवर मला अजून नीट कळत नाही, म्हणून फोन करू नकोस. दिवाळीत ये. मी स्टेशनवर येईन, पुलाच्या पायऱ्यांपाशी, गाडीकडे पाठ करून उभी राहीन. गर्दी थोडी पांगू दे, मग मागून हाक मार आणि तिथेच थांब. एकाच कानात मशीन असल्याने आवाज कुठल्या बाजूचा ते कळत नाही, त्यामुळे तू दिसायला मला थोडा वेळ लागेल.

तुझीच,
जुनी बाकमैत्रीण