रव्याच्या डब्यामागची फाईल

विलेपार्ले, रात्रीचे पावणेबारा

ती. आई-बाबा,

तुम्ही दोघं झोपलात. बॅग दाराशी भरून ठेवली आहे, अडीचला टॅक्सी येईल. मघाशी चहासाठी साखर शोधताना रव्याच्या डब्यामागे आईची फाईल हाताला लागली. एक्स-रे, डॉक्टरांची चिठ्ठी आणि चिठ्ठीच्या पाठीवर बाबांच्या अक्षरातला हिशेब. तारीख १४ महिन्यांपूर्वीची. दोन्ही गुडघे बदलावे लागतील, उशीर करू नका, असं डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलंय. त्याच महिन्यात तुम्ही एफडी मोडलीत आणि मी सहा आठवडे टेनिसच्या स्पर्धा खेळायला तुर्कस्तानात अंतालियाला गेले. आई, तेव्हा तू मला फोनवर म्हणाली होतीस, "तेल लावतेय, पुष्कळ बरं आहे."

समोर बसून बोलले तर बाबा "बघू" म्हणतील आणि तू पानं घ्यायला उठशील. म्हणून लिहितेय.

आधी पैशांचं, कारण ते मी तुम्हाला कधीच नीट सांगितलं नाही. मी खेळते त्यांतल्या सगळ्यात खालच्या स्पर्धेला डब्ल्यू-१५ म्हणतात. १५ म्हणजे एकूण बक्षीस १५,००० डॉलर. ते एका मुलीला मिळत नाहीत, एकेरी-दुहेरी धरून सगळ्या स्पर्धेत मिळून वाटले जातात. एकेरीचं विजेतेपद मिळालं तरी हातात अडीच हजार डॉलरसुद्धा येत नाहीत. मुख्य ड्रॉमध्ये पहिलीच मॅच हरलं तर दीडशेच्या आसपास, आणि त्यातूनही कर कापतात. मुख्य ड्रॉच्या आधी क्वालिफाइंग, म्हणजे पात्रता फेऱ्या असतात, त्यांत हरलं तर काहीच नाही. हॉटेल, जेवण, रॅकेटचं गटिंग म्हणजे तारा बदलणं, फिजिओ, विमान, सगळं आपल्या खिशातून. खालच्या काकू विचारतात ना, टीव्हीवर कधी दिसणार? ग्रँड स्लॅमच्या क्वालिफाइंगला १२८ जणी असतात, आणि तिथं पोचायला जागतिक रँकिंगमध्ये साधारण पहिल्या अडीचशेत असावं लागतं. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्या क्वालिफाइंगच्या पहिल्या फेरीत हरलेल्या मुलीलाही ३५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. मी ६९४ वर आहे. आमचा खेळ तोच, चेंडू तोच, फक्त मधल्या त्या साडेचारशे पायऱ्यांवर उभं राहायला पैसे लागतात.

अंतालियात सहा आठवड्यांत मी एकदा क्वार्टर फायनल गाठली. बाकी दोनदा मुख्य ड्रॉमध्ये पहिल्या फेरीत हरले, तीनदा क्वालिफाइंगमध्येच. त्या एका क्वार्टरचे मिळाले ३ पॉइंट. रँकिंगमधले पॉइंट ५२ आठवडे टिकतात, मग गळून पडतात. म्हणजे आईचे गुडघे ज्यासाठी थांबले ते तीन पॉइंटही आता माझ्या नावावर नाहीत. ही फाईल हातात धरून मी स्वयंपाकघरात किती वेळ उभी होते, कळलं नाही.

बाबा, मला सगळं आठवतं. आठव्या वर्षापासून पहाटेची चर्चगेट लोकल, तुमच्या खांद्यावर माझी किट, माझ्या हातात आईनं दिलेला पोळीचा रोल. चर्चगेटहून ओव्हलच्या कडेनं चालत कूपरेजला एमएसएलटीएच्या, म्हणजे राज्याच्या टेनिस संघटनेच्या, कोर्टांवर पोचायचो. तुम्ही बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसायचात आणि तिथूनच ऑफिसला जायचात. वाटेत तुम्ही लीला रावांची गोष्ट सांगायचात. आपल्या मुंबईची मुलगी, १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय बाई. तिची आई पंडिता क्षमा राव संस्कृतात लिहायची आणि टेनिसही खेळायची. ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की मला वाटायचं, टेनिस ही आपल्याच लोकांची गोष्ट आहे. अजूनही वाटतं.

२०२५ च्या मुंबई ओपनमध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर पंधरा वर्षांची माया राजेश्वरन उपान्त्य फेरीत पोचली, तेव्हा तुम्ही पेपरचं ते पान घडी घालून गादीखाली ठेवलंत. माझ्या मनाला लागेल म्हणून. बाबा, मी ते पान काढून दोनदा वाचलं. मला फार आनंद झाला होता. माझ्यापुढं कुणी गेलं म्हणून मला लागत नाही. तुम्ही माझ्यापासून काही लपवलंत की लागतं.

आणि मीही लपवलंय. आई, हरल्यावर मी फोन बंद करते, तुला वाटतं मी रुसले. तसं नाही गं. आमच्यासारख्यांच्या मॅचवरही लोक सट्टा लावतात. पैसे बुडाले की मला मेसेज करतात, माझ्याबद्दल, तुझ्याबद्दलसुद्धा, जे मी इथं लिहिणार नाही. डब्ल्यूटीए आणि आयटीएफ या टेनिसच्या जागतिक संघटनांनी २०२४ सालचे असे मेसेज तपासले, तेव्हा दहांतले सुमारे चार चिडलेल्या सट्टेबाजांचे निघाले. ते वाचल्यावर मला थोडं हलकं वाटलं. आता मॅचनंतर तासभर फोन माझ्या दुहेरीच्या जोडीदारणीकडे असतो. ती वाईट ते पुसून टाकते आणि मग मी तुला फोन करते.

तुम्ही कधी विचारलं नाहीत, पण सांगते, मी का थांबत नाही. गेल्या महिन्यात मी तीन तास खेळून एक मॅच जिंकले. बॉलबॉय नव्हते, चेंडू आपणच गोळा करायचे. बघायला दोघींचे कोच आणि कोर्टाला पाणी मारणारे काका. तिसऱ्या सेटमध्ये ४-५, ३०-४० असताना मी बॅकहँड डाउन द लाइन, म्हणजे कडेच्या रेषेलगत सरळ, मारला. वयाच्या २७ व्या वर्षी तो फटका मला आता कुठं मनासारखा यायला लागलाय. चेंडू रेषेवर पडला आणि काका पाइप हातात धरून तसेच उभे राहिले. त्या क्षणी मला माझं रँकिंग आठवलं नाही. मला अजून हे हवंय, आई.

पण तुझ्या गुडघ्यांच्या जिवावर नको.

या वेळचं ट्युनिशियातल्या मोनास्तिरचं तिकीट मी मुलांना शिकवून मिळवलेल्या पैशांतून काढलंय. तीन आठवडे, खोली जोडीदारणीबरोबर निम्मी. उन्हाळ्यात जर्मनीतल्या एका क्लबनं लीगसाठी बोलावलंय, मॅचमागे पैसे देतात आणि राहायला क्लबमधल्याच एका कुटुंबाकडे. उरलेले महिने सकाळी शिकवीन, दुपारी सराव, आणि स्पर्धा जमेल तितक्या भारतातच खेळेन. मामा म्हणत होता तो स्पोर्ट्स कोट्याचा अर्जही भरलाय. पुढच्या डिसेंबरपर्यंत असं खेळते. तुमच्याकडून एक रुपया घेणार नाही. बाबा, तुम्ही पाठवलात तर मी परत पाठवीन, आणि मग आपलं भांडण होईल.

उरलेली एफडी ऑपरेशनसाठी आहे. ती आईची आहे.

डॉक्टरांची वेळ मी आत्ताच ऑनलाइन घेतली, बुधवारी सकाळी साडेदहा. रिक्षा दाराशी बोलवा, आईला नाक्यापर्यंत चालवू नका. जुने एक्स-रे न्या. ऑपरेशनची तारीख मात्र मी परत आल्यानंतरचीच मागा. दवाखान्यात रात्री मी थांबणार, बाबांनी घरी झोपायचं.

फाईल टीव्हीसमोर ठेवली आहे, तिथंच राहू दे. साखर सापडली नाही, बहुतेक संपली आहे. मी गुळाचा चहा केला. सकाळी दुधाबरोबर मागवा.

तुमची
लेक