तुझा जॉइंट शाबूत आहे

परतवाडा
संक्रांतीचा दुसरा दिवस

प्रिय सुध्या,

दिवाळीपासून पत्र नाही, फोन नाही. त्याबद्दल काय बोलायचं ते भेटल्यावर बोल, मी ऐकून घेईन. तब्येत ठीक आहे, साखर आहे तेवढीच आहे. आज जे लिहितो आहे ते हिला सांगितलं तर म्हणाली, "इतकी वर्षं झाली, आता काय त्याचं?" म्हणून तुलाच लिहितो.

अँबेसेडरचे दिवे कशानं जात होते ते सापडलं.

परवा बहिरमहून येत होतो. नातू शेजारी, मागे हंडीचं मटण आणि रोडगे बांधून घेतलेले. (तू एका बैठकीत अकरा रोडगे खाल्ले होतेस हे पोट्ट्याला खरंच वाटत नाही. तू येऊन सांग.) करजगावच्या अलीकडे गाडी खड्ड्यातून गेली आणि दोन्ही दिवे फडफडले. पिवळे पडले, गेले, पुन्हा आले. आले तेव्हा समोर रस्त्यात रोही उभा! ब्रेक लागला म्हणून वाचलो. मी कडेला गाडी लावून स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिलो. 87 सालीही अगदी असंच झालं होतं. हीच गाडी, हाच रस्ता, बाबा चालवत होते, तू मागे. दिवे गेले आणि गाडी धुरा ओलांडून तुरीत. पुढचं तुला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी वायरमनला घरीच बोलावलं. जुन्या मिस्त्रीचाच पोरगा, हात बापासारखा आहे. मी म्हटलं आधी रेग्युलेटर पाहू. तो म्हणाला, रेग्युलेटर असता तर रेस दिल्यावर उजेड कमी-जास्त झाला असता, हा तर हादऱ्यानं जातो. मीटर लावला. दिवे चालू ठेवून बॅटरीवर 12.4 व्होल्ट, बल्बच्या पिनांवर 9.8. म्हणजे वाटेतच 2.6 खाल्ले जात होते. व्होल्ट पाचव्या हिश्शानं पडले तर उजेड निम्म्याहून कमी होतो, हे मला तेव्हा कळलं. मी इतके दिवस माझ्या डोळ्यांना दोष देत होतो, चष्म्याचा नंबरही तपासून आलो.

मग आम्ही एकेक तुकडा मोजत गेलो. फ्यूजच्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या, त्या घासल्या. पायानं दाबून झोत लांब-जवळ करायचा तो डिपर आठवतो ना, क्लचच्या डावीकडचा? पायताणाची काळी माती पावसाळ्यागणिक त्यात झिरपून आत सिमेंट झालं होतं. दोन 60 वॅटचे बल्ब म्हणजे 10 अँपिअर, ते सगळे त्या स्विचमधून आणि त्या डिपरमधून जाणार. तरी हे सगळं मिळून 0.7 व्होल्टच भरले. बाकीचे 1.9 कुठे?

पोरानं मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी बल्बच्या काळ्या वायरला. 1.9. म्हणाला, "भाऊ, करंट जाऊन राह्यला, पण वापस याले रस्ताच नाही भेटून राह्यला."

अर्थिंग, सुध्या. मडगार्डच्या आतल्या बाजूचा तो बोल्ट, दोन्ही दिव्यांची काळी वायर जिथे कसली आहे. पाना लावून बोल्ट काढला, वॉशर काढला, वायरचं रिंगण उचललं. खाली मलईचा रंग. रिंगणाच्या आकाराचा गोल, गुळगुळीत, कालच दिल्यासारखा.

तो रंग मी दिला होता. ताईच्या लग्नाआधी, अंगणात, ब्रशनं. बाबा म्हणाले होते बोल्टला कागद लाव. मला वाटलं वायरच सोडून घेऊ, आत नीट रंग बसेल. वाळल्यावर रंगावरच रिंगण ठेवून कसलं. खाली पत्र्याला वायर टेकतच नव्हती, बोल्टच्या आट्यांतून जेवढा करंट जाईल तेवढाच. हादरा बसला की तेवढाही नाही. पंधरा दिवसांनी आपण बहिरमला निघालो.

आणि त्याच आठवड्यात तू पिवळ्या दिव्यासाठी निळ्या वायरला जॉइंट दिला होतास. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "याच्या जॉइंटनं झालं." तू काही बोलला नाहीस. मीही नाही. नंतर मिस्त्रीनं जास्तीची अर्थिंग वायर ओढली आणि दिवे सुधारले, तर घरात सगळे समजले की त्यानं तुझा जॉइंट काढला. तू दोन वर्षं आमच्या दारात आला नाहीस आणि मी बाबांच्या बाजूनं तुला चिडून पत्र लिहिलं. ते पत्र ठेवलं असशील तर फाडून टाक. मिस्त्रीची ती वायर या पावसाळ्यात उंदरांनी कुरतडली, म्हणून इतक्या वर्षांनी पुन्हा तेच झालं.

तुझा जॉइंट मी शोधून काढला. कापडी टेप कडक झाली होती, आत सोल्डर चकचकीत. दोन्ही बाजूंना मीटर लावला, 0.01 व्होल्ट. पोरगा म्हणाला, कापून नवी वायर टाकू. मी त्याला हात लावू दिला नाही. वरून नवी टेप गुंडाळली आणि राहू दिला.

हे बाबांना सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. शेवटच्या आजारात त्यांनी दोनदा तुझं विचारलं होतं, ते तुला मी तेव्हा कळवलं नाही.

आता बोल्टखाली पत्रा घासून पांढरा केला, वरून ग्रीस. अर्थिंग 0.05 वर आली. दोन रिले बसवले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच; एक अप्परचा (लांबचा झोत), एक डिपरचा (जवळचा). बॅटरीवरून फ्यूज घेऊन रिलेच्या 30 नंबरच्या पिनेवर जाड वायर, 87 नंबरच्या पिनेवरून थेट बल्ब. जुन्या स्विचमधून आता पाव अँपिअरसुद्धा जात नाही. वायरींचे रंग तसेच ठेवले, निळ्यावर पांढरी रेघ अप्परला, लाल रेघ डिपरला, विलायतेच्या मॉरिस कंपनीकडून आले तसे. काल रात्री धामणगाव गढीपर्यंत जाऊन आलो. रस्त्याच्या दोन्ही कडेची तूर दिसत होती.

वहिनींचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन करायचं ठरलं का? लेकाच्या बदलीचं काय झालं? तीळगूळ वेगळा पाठवला आहे, पोचला की कळव.

बहिरमची जत्रा महिनाअखेरपर्यंत आहे. तोवर ये. उजव्या दिव्याचं तोंड अजून वर आहे, समोरच्याच्या डोळ्यांत जातं. गोठ्याच्या भिंतीवर खुणा करून ते खाली घ्यायचं आहे, आणि त्याला दोघं लागतात, एक भिंतीपाशी आणि एक स्क्रूवर. स्क्रूवर तू राहा.

तुझा,
बाळ्या