चर्च नव्हे, मंडळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात एका गृहस्थांनी लिहिले आहे की, हल्लीची चर्चे म्हणजे रविवारचे क्लब झाले आहेत. गाण्याच्या तालमी, सहली, चहापाणी, मीटिंगा. यात धर्म कुठे आहे, असा त्यांचा सवाल आहे. मी एका ल्युथरन, म्हणजे सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर याच्या परंपरेतल्या, मंडळीचा अकरा वर्षे खजिनदार होतो आणि त्याहून अधिक वर्षे तिच्या गायकवृंदात मागच्या रांगेत उभा राहतो आहे. तेव्हा आरोप माझ्यावरच आहे असे धरून उत्तर देतो. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण त्यांचे बोट भलत्याच जागी ठेवले गेले आहे.

आधी शब्दाकडे बघू. चर्चसाठी असलेला ‘किर्खे’ हा जर्मन शब्द मार्टिन लूथरला आवडत नसे. १५३९ मधल्या एका ग्रंथात त्याने त्याला आंधळा, अस्पष्ट शब्द म्हटले आहे, कारण तो ऐकला की साध्या माणसाच्या डोळ्यांपुढे दगडी इमारत उभी राहते. नव्या कराराचे त्याने केलेले भाषांतर १५२२ मध्ये छापून आले. त्यात त्याने या जागी ‘गेमाइने’, म्हणजे जमलेली माणसे, असा शब्द घातला. मराठी बायबलात त्याच जागी ‘मंडळी’ आहे. ‘काय मंडळी, जमलात का?’ यातली मंडळी. लूथरला जर्मन भाषेशी झगडून जे करावे लागले ते आपल्याला मराठीत आयते मिळाले आहे आणि तरी आपण ‘चर्चमध्ये जातो’ म्हणतो, मीसुद्धा.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. ल्युथरन लोकांची मूळ विश्वासकबुली, म्हणजे आपण काय मानतो याचे जाहीर निवेदन, २५ जून १५३० रोजी ऑग्सबर्ग येथे सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर वाचली गेली. तिच्या सातव्या कलमात चर्च म्हणजे काय ते सांगितले आहे: विश्वासणाऱ्यांचा मेळा, ज्यात शुभवर्तमान शुद्धपणे शिकवले जाते आणि संस्कार योग्य रीतीने दिले जातात. माणसांनी घालून दिलेले विधी आणि रिवाज सगळीकडे एकसारखे असलेच पाहिजेत असे नाही, हेही तिथेच आहे. तिचा मजकूर सिद्ध करणारा लूथरचा सहकारी मेलांख्थोन प्राध्यापक होता, त्याला पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, म्हणून दीक्षा कधी झालीच नव्हती. खाली सह्या आहेत त्या जर्मन संस्थानिकांच्या आणि न्युरेम्बर्ग व रॉइटलिंगन या दोन शहरांच्या. पाळकाची एकही नाही. म्हणजे पाळक नसलेल्यांची, खुर्च्या लावणाऱ्यांची आणि हिशोब ठेवणाऱ्यांची ही परंपरा आजची नव्हे.

पत्रलेखकांना गाण्याच्या तालमी खटकल्या. त्यांना सांगायला हवे की, आमच्याकडे गाणे हा उपासनेचा साज नाही, ती उपासनाच आहे. लूथरच्या आधी विधीतले गायन बहुतेक लॅटिनमध्ये आणि बहुतेक धर्मगुरू व प्रशिक्षित गायकांकडे होते. १५२४ मध्ये अवघ्या आठ गीतांची एक पुस्तिका निघाली, त्यातली चार लूथरची. लोकांनी आपल्या भाषेत, स्वतःच्या तोंडाने गावे हा त्यामागचा आग्रह. पुढे दोनशे वर्षांनी, १७२३ ते १७५० या काळात, लाइपझिगमध्ये संगीतकार बाखने जे प्रचंड संगीत उभे केले, त्याच्या पोटात हीच लोकांनी म्हणायची साधी गीते आहेत. आमच्या तालमीत बाख वगैरे काही नसतो. चार सुरांपैकी एक सूर नेहमी गैरहजर असतो. माझ्या शेजारचे एक गृहस्थ मोठ्या आवाजात आणि मोठ्या श्रद्धेने बेसूर गातात. एवढ्या वर्षांत त्यांना कोणी थांबवलेले नाही. संचालिकाबाई त्या वेळी फक्त छताकडे बघतात. क्लबात असता तर या माणसाला केव्हाच बाहेरचा रस्ता दाखवला असता.

आता हिशोबाकडे येतो, कारण तो माझा प्रांत आहे. लाइसनिग नावाच्या एका लहानशा सॅक्सन गावाने १५२३ मध्ये, लूथरच्या सल्ल्याने, मंडळीची एक सामाईक पेटी ठरवली. तिचे नियम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा, खरे सांगतो, उपदेश ऐकून येत नाही तसे डोळ्यांत पाणी आले. पेटीला चार वेगळी कुलपे. एक किल्ली सरदारांकडे, दुसरी नगरपरिषदेकडे, तिसरी गावातल्या नागरिकांकडे, चौथी आसपासच्या शेतकऱ्यांकडे. चौघे एकत्र आल्याशिवाय पेटी उघडायचीच नाही. दहा कारभारी, त्यांतले तीन शेतकरी. पैसा जायचा तो पाळकाच्या वेतनाला, शाळेला, मुलींना शिकवणाऱ्या बाईला, अनाथांना, म्हाताऱ्यांना, अडचणीत आलेल्या कारागिरांना. पुढे मालमत्तेवरून नगरपरिषदेशी वाजले आणि कागदावरची योजना कागदावरच्यासारखी चालली नाही. हेही मला ओळखीचे वाटले.

आमच्याकडे चार कुलपे नाहीत, पण अर्पण मोजायला दोन माणसे लागतात आणि ती दोघे एका घरची चालत नाहीत. एकदा मी घाईत असताना एकट्यानेच मोजून वहीत आकडा टाकला. आकडा बरोबर होता. तरी पुढच्या पंचांच्या बैठकीत एका वृद्ध बाईंनी मला सगळ्यांसमोर विचारले, ‘बरोबर असेलच, पण ते आम्हाला कसे कळायचे?’ मी आठवडाभर फुगून बसलो होतो. नंतर त्याच बाईंना मी दुसरी मोजणारी म्हणून बसवले आणि माझी झोप सुधारली.

वार्षिक सभा तर पत्रलेखकांनी एकदा पाहावीच. मागे छप्पर गळत होते आणि आजारी लोकांसाठी ठेवलेल्या निधीत थोडी शिल्लक होती. छप्पर आधी की निधी आधी, यावर सव्वादोन तास खडाजंगी झाली. जे कधी तोंड उघडत नाहीत ते बोलले. एकाने दुसऱ्याच्या आजोबांनी दिलेल्या बाकाचा उल्लेख केला, तो करायला नको होता. पाळकसाहेब एका बाजूला बसून होते. त्यांना मत एकच आणि ते त्यांनी ज्या बाजूला दिले ती हरली. निधी राहिला, छपरासाठी वेगळी वर्गणी काढली आणि तोवर दोन महिने आम्ही वेदीच्या डाव्या हाताला बादली ठेवून उपासना केली. यात धर्म कुठे आहे, असे विचारणाऱ्याला मी ती बादली दाखवीन.

अशा सभांमध्ये आम्हाला एक जुना धडा आठवतो आणि आम्ही तो हमखास मोडतो. १५२८ मध्ये लूथर सॅक्सनीतल्या मंडळ्यांची पाहणी करत होता. लोकांना दहा आज्ञासुद्धा येत नाहीत हे पाहून तो हादरला आणि १५२९ मध्ये त्याने लहान प्रश्नोत्तरी लिहिली. ती लिहिली पाळकांसाठीच नव्हे. घरातल्या कर्त्या माणसाने घरच्यांना सोप्या शब्दांत शिकवावे म्हणूनही. दर आज्ञेनंतर एकच प्रश्न येतो: याचा अर्थ काय? खोटी साक्ष देऊ नको, याचा अर्थ काय? तर शेजाऱ्याची बाजू घे, त्याच्याविषयी चांगले बोल आणि तो जे करतो त्याचा शक्य तितका भला अर्थ लाव. दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा विश्वास मोठेपणी स्वतः कबूल करण्याच्या, तयारीच्या वर्गातली तेरा-चौदा वर्षांची मुले हे घडाघडा म्हणतात. वरच्या सभेनंतर त्यांतल्या एकीने मला निरागसपणे विचारले, ‘काका, बाकाबद्दल जे बोलले त्याचा भला अर्थ काय लावायचा?’ मी उत्तर अजून शोधतो आहे.

भेटींविषयी थोडेच लिहितो, कारण त्या गाजावाजा करण्याच्या गोष्टी नाहीत. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्याकडे पाळक प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेऊन जातात आणि बाकीचे नुसतेच जातात, बसतात, औषधांच्या पट्ट्या बघतात. जर्मनीत कायझर्सवेर्थ येथे थिओडोर फ्लीडनर या पाळकाने १८३६ मध्ये रुग्णसेवा करणाऱ्या सेविकांची संस्था काढली, तिचे बीज या असल्या जाण्या-बसण्यातच होते. १८५१ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल तिथे काही महिने शिकून गेल्या. क्लबात तुम्ही येईनासे झालात की वर्गणीची नोटीस येते. इथे दोन माणसे दारात उभी राहतात, कधी कधी नको असतानाही.

आता पत्रलेखकांचे जे खरे आहे त्याबद्दल. १५२० पासून आम्ही सर्व विश्वासणाऱ्यांच्या याजकपणाचा अभिमान मिरवतो. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण देवापुढे सारखाच, पाळक हा फक्त नेमलेला सेवक. वस्तुस्थिती अशी की याजकपण सगळ्यांचे आणि झाडू मारणे मात्र चौघांचे. दिवा गेला, पाळकांना फोन. भांडण झाले, पाळकांना फोन. मीही केले आहेत. आणि उपासनेनंतरच्या चहाच्या वेळी आम्ही जुने लोक एकमेकांत इतके रंगतो की, पहिल्यांदा आलेला माणूस कप हातात धरून भिंतीवरची पाळकांच्या नावांची पाटी तीनदा वाचून निघून जातो. त्या क्षणी आम्ही क्लबच असतो, आणि फार चांगला क्लबही नव्हे. दोष चहाचा नाही, गाण्याचा नाही, मीटिंगांचा तर नाहीच. पाठ फिरवून उभे राहण्याचा आहे.

संपादक महोदय, एक तक्रार आपल्याकडेही. आपले छायाचित्रकार आमच्याकडे नाताळाआधीच्या आगमनकाळात येतात आणि मेणबत्त्यांच्या चक्राचा फोटो काढून जातात. चक्र सुंदर असते. हॅम्बुर्गमध्ये १८३९ साली योहान हिन्रिख विखेर्न यांनी ते पहिल्यांदा केले, गाडीच्या जुन्या चाकावर, आपल्या आश्रयाला आलेल्या गरीब मुलांसाठी; नाताळ कधी येणार म्हणून मुले रोज विचारीत होती. पण ते चाक कोण पुसून ठेवते, मेण कोण खरवडते आणि जानेवारीत ते माळ्यावर चढवताना कोणाचा खांदा धरला होता, हे फोटोत दिसत नाही. पुढच्या खेपेला वार्ताहर वार्षिक सभेला पाठवा. बातमी नक्की मिळेल. बाकाचा विषय पुन्हा निघणार आहे.

आणि त्या पत्रलेखकांना निरोप द्यावा की, तालीम गुरुवारी संध्याकाळी असते. टेनरमध्ये, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजाच्या रांगेत, दोन जागा रिकाम्या आहेत. सुराची अट नाही, ते वर आलेच आहे.

आपला,
एका ल्युथरन मंडळीचा माजी खजिनदार