चूक काढल्याबद्दल आभार

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

तुमचा फोन हे पत्र तुम्हाला वाचून दाखवेलच, पण ते इतरांनीही वाचावं म्हणून मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. समोर बसून मला हे धड बोलता आलं नसतं. तुमचा विषय निघाला की अजून गळा दाटून येतो.

पुस्तकाचा मजकूर ब्रेलमध्ये मिळतो किंवा ऐकता येतो, पण नकाशा आला, आकृती आली की बऱ्याचदा ती सरळ वगळली जाते, हे आम्हाला वर्गातल्या एका अंध मित्रामुळे कळलं. ते बदलावं असं मनापासून वाटलं. जाड कागदावर दोरा चिकटवून आम्ही नकाशे केले आणि एका संस्थेकडे गेलो. तिथे आमचं तोंडभरून कौतुक झालं. 12 ऑगस्टला, आंतरराष्ट्रीय युवा दिनी, आम्हाला मंचावर बसवलं, 'उद्याचे शिल्पकार' म्हटलं, फोटो काढले, प्रमाणपत्रं दिली. नकाशे मात्र कपाटात गेले. एकाही मुलाच्या हाती पडले नाहीत. विचारायला गेलं की एकच उत्तर, "तुमचा उत्साह असाच राहू द्या." काही चांगलं करू पाहणाऱ्या मुलांचा हा गोड बोलून केलेला अपमान आहे. त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

आणि मग तुम्ही भेटलात. ना ओळख, ना कुणाची चिठ्ठी, तरी आत बोलावलंत. नकाशा मांडीवर घेतलात आणि कितीतरी वेळ काही बोललाच नाहीत. डावा हात कागदाच्या कडेला स्थिर होता. उजव्या हाताची बोटं दोऱ्यावरून पुढे जायची, अडायची, पुन्हा मागे यायची. मग माझा हात धरलात, म्हणालात, "डोळे मीट." माझं बोट त्या दोऱ्यावर टेकवून हळूहळू फिरवलंत.

"आता सांग, तू नदीवर आहेस की सीमेवर?"

मला सांगता येईना. नदीलाही तोच दोरा होता, सीमेलाही तोच.

"हे परत कर," तुम्ही म्हणालात, "आणि माझ्याकडेच घेऊन ये."

बाई, त्या 'माझ्याकडेच'साठी हे सगळं पत्र आहे. तोवर आमचं काम कुणी चूक काढण्याच्या लायकीचंही धरलं नव्हतं. तुम्ही ते हातात घेऊन तपासलंत, खरं काम म्हणून.

नंतर तुम्ही किती शिकवलंत! दोन ठिपक्यांमध्ये दोनएक मिलिमीटरही अंतर नसेल तर बोटाला ते एकच वाटतात. एका कागदावर सगळं कोंबायचं नाही. नदीची रेघ सलग, सीमेची तुटक. लुई ब्रेलबद्दलही तुम्हीच सांगितलंत. बार्बिए या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याची, बोटांनी वाचायची बारा ठिपक्यांची लिपी एका बोटाखाली मावत नव्हती, म्हणून 1824 मध्ये, वयाच्या 15व्या वर्षी, त्याने ती सहा ठिपक्यांवर आणली. त्याच्या स्वतःच्या शाळेने ती अधिकृतपणे स्वीकारली 1854 मध्ये. तो 1852 मध्येच गेला होता. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर ते कपाट होतं.

तरुण मुलांना कशाचं काही पडलेलं नसतं, असं सर्रास बोललं जातं. मला तसं दिसत नाही. काहीतरी करावं असं माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येकाला आतून वाटतं. त्यांना स्वतःच्या कामात सामील करून घेणारी, वेळ देणारी, चुकलं तर तोंडावर सांगणारी मोठी माणसं मात्र फार थोडी भेटतात. आणि अशी माणसं कधी मंचावर नसतात. घरी आलेल्या अनोळखी मुलांना बसायला सांगून ती आधी त्यांचं काम बघतात. चांगुलपणा म्हणतात तो हाच असावा.

नवा नकाशा आमच्या मित्राने वाचला. बोट नदीवरून नेता नेता मध्येच थांबून तो म्हणाला, "इथे दुसरी नदी येऊन मिळते." आम्ही कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

आता हृदयाची आकृती करायला घेतली आहे. झडपा कशा दाखवाव्यात तिथे अडलोय. दोरा फार जाड होतो आणि बारीक घेतला तर कप्प्याच्या भिंतीत मिसळतो. दोन्ही नमुने घेऊन येत्या रविवारी येतो, चालेल ना?

तुमची,
एक विद्यार्थिनी