हातचं न राखता शिकवलंत, काका

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण आभाराचा विषय निघाला की तुम्ही "अगं, कामच आहे ते माझं" म्हणता आणि मशीनवर कुठला जॉब चढलाय ते सांगायला लागता. म्हणून चारचौघांसमोर लिहितेय. शिवाय घरून काम करणाऱ्या माझ्यासारख्या इलस्ट्रेटर मुलामुलींनीही हे वाचावं असं मला वाटतं. प्रत्येक छापखान्यात प्री-प्रेसच्या, म्हणजे छपाईआधी फायली तयार करण्याच्या, संगणकापुढे कुणीतरी बसलेलं असतं, आपली चित्रं आधी त्याच्या नजरेखालून जातात आणि मगच कागदावर उतरतात. आपल्यातल्या बहुतेकांना त्या माणसाचं नावही माहीत नसतं. माझ्यासाठी तो माणूस म्हणजे तुम्ही.

फ्रीलान्स काम लांबून फार मोकळं दिसतं. प्रत्यक्षात एका पुस्तकाचे रफ, म्हणजे कच्ची चित्रं, प्रकाशकाकडे जाऊन पडलेले असतात, दुसऱ्याचं फायनल रंगवणं चालू असतं, तिसऱ्याचं मुखपृष्ठ कधीच मंजूर झालेलं असतं पण बिल अडकलेलं असतं. चित्रं काढायला जेवढा वेळ लागतो तेवढाच मेल, कोटेशन, करार आणि पैशांची आठवण करून देण्यात जातो. याची सवय होते. सवय होत नाही ती शेजारचं टेबल रिकामं असण्याची. स्टुडिओत नोकरी करणाऱ्याला नुसती मान वळवून विचारता येतं, "हे निळं छापल्यावर असंच दिसेल का हो?" घरात कुणाला विचारायचं? संपादक मजकुराचं बघतात. आर्ट डायरेक्टर असलाच, तर तो चित्राचं बघतो. चित्र छपाईच्या प्लेटवर गेल्यावर त्याचं पुढे काय होतं, हे मला सांगणारं कुणी नव्हतं. तुम्ही भेटलात आणि ते टेबल भरलं.

आकाशाबद्दल विचारायला मी पहिल्यांदा फोन केला होता, ते तुम्हाला आठवत असेल. लहान मुलांचं पुस्तक, जवळजवळ सगळी पानं रात्रीची, आणि प्रत्येक पानावर गडद निळं आभाळ. "फाइल पाठवून दे, बघतो" एवढं म्हणून तुम्ही फोन ठेवला असता तरी मला काही वाटलं नसतं. तुम्ही म्हणालात, "येऊन जा. दाखवतो."

आणि खरोखर दाखवलंत. माझ्या हातात भिंग दिलंत आणि छापून आलेल्या एका शीटवरचं आभाळ बघायला लावलंत. नुसत्या डोळ्यांना सलग दिसणारा तो निळा रंग भिंगाखाली ठिपक्यांचा झाला. आकाशी, गुलाबी, काळे ठिपके, गोलाकार फुलांसारखे एकमेकांत गुंतलेले. मग कोन सांगितलेत: काळ्या ठिपक्यांची जाळी ४५ अंशांवर, मजेंटाची (म्हणजे गुलाबी शाईची) ७५, सायनची (म्हणजे आकाशी शाईची) १५, आणि पिवळा शून्यावर, कारण तो डोळ्याला सगळ्यांत कमी जाणवतो. कोनांमध्ये गडबड झाली तर सपाट रंगावर लाटांसारखी नक्षी उमटते, तिचाही एक नमुना तुम्ही ड्रॉवरमधून काढून दाखवलात. त्यानंतर माझ्या आभाळाकडे वळलात. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फक्त खोलीतला उजेड परत देतो, त्यामुळे मॉनिटरवरचं ते लखलखीत निळं चार शायांमध्ये मुळात मिळतच नाही. सायन आणि मजेंटा दोन्ही शंभर टक्के भरले की कागदावर जांभळं येतं. निळं निळंच राहायला हवं असेल तर मजेंटा सायनपेक्षा निदान तीसने खाली ठेवायचा.

हे पुस्तकातही वाचायला मिळतं, असं कुणी म्हणेल. मिळतं. पण पुस्तक तुमच्यासारखं खुर्ची सरकवून शेजारी बसवून घेत नाही.

त्या दिवशी शाईची बेरीजही कळली. चारही रंग पूर्ण भरले तर होतात चारशे टक्के, आणि एवढी शाई कुठलाच कागद पचवत नाही. गुळगुळीत आर्ट पेपरवर तीनशेच्या आसपास थांबायचं, बिनकोटिंगच्या कागदावर त्याच्याही आधी. नाहीतर शाई वाळत नाही आणि गठ्ठ्यातल्या वरच्या शीटच्या पाठीला लागते. मी तेव्हापासून रात्र काळ्याने गडद करत नाही. ती उजेडाच्या जागा नेमक्या ठेवून गडद करते: एक खिडकी, एक कंदील, कोपऱ्यातला पांढरा कुत्रा. त्या पुस्तकातल्या रात्री ज्यांना आवडल्या, त्यांना मी नेहमी सांगते की त्यांतला अर्धा विचार छापखान्यात शिकलेला आहे.

सगळ्यांत मोठं ऋण मात्र त्या मुलीच्या गालाचं आहे.

पुस्तकातली मुख्य मुलगी सावळी. कागद बिनकोटिंगचा, शाई शोषून घेणारा. अशा कागदावर ठिपका पसरतो, आणि तपकिरी रंगात सायन जरासा जरी वर गेला तरी त्वचा राखाडी-हिरवट दिसायला लागते. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, निघालं तेव्हा तुम्ही मला बोलावून घेतलंत. तसं बोलावायची गरज नव्हती. दोन आकडे तुम्ही स्वतः बदलले असतेत तर मला कळलंही नसतं, आणि प्रूफ तसंच पुढे सोडलं असतंत तरी तुम्हाला कुणी जाब विचारला नसता. तुम्ही प्रमाण उजेडाच्या दिव्याखाली शीट पसरलीत, तिच्या गालावर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "ही मुलगी आजारी दिसायला नको." मग आपण दोघांनी मिळून सायन उतरवला, पिवळा आणि मजेंटा एकमेकांशी जुळवून घेतले, आणि पुन्हा प्रूफ काढलं. गालात रक्त आलं. सावळेपणा कुठेच कमी झाला नाही, उलट तो उजळ न करताच तजेलदार दिसला. त्वचेचा रंग नीट छापायचा म्हणजे तो गोरा करायचा, असं मानणारे लोक मी या व्यवसायात पाहिलेत. तुम्ही त्यांच्यातले नाही, आणि हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

काका, तुमच्या बिरादरीतल्या एका माणसाबद्दल मी मध्यंतरी वाचलं. एडमंड एव्हन्स हा एकोणिसाव्या शतकातला लंडनचा मुद्रक. लाकडी ठोकळ्यांवर कोरीव काम करायचा, प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा. वॉल्टर क्रेन, रँडॉल्फ काल्डेकॉट आणि केट ग्रीनअवे या तिघांचीही चित्रपुस्तकं त्याने छापली. १८७९ मध्ये ग्रीनअवेचं पहिलं पुस्तक त्याने एकदम २०,००० प्रतींचं काढलं. प्रकाशकाला तो आकडा अवाच्या सवा वाटत होता, पण त्या सगळ्या प्रती खपल्या. नवख्या चित्रकर्तीवर एवढा भरवसा टाकला तो मुद्रकाने! काल्डेकॉटच्या नावाने अमेरिकेत १९३८ पासून चित्रपुस्तकांच्या चित्रकारांना पदक दिलं जातं, ग्रीनअवेच्या नावानेही ब्रिटनमध्ये कितीतरी वर्षं पदक दिलं जात होतं. एव्हन्सचं नाव मात्र मुद्रणाच्या इतिहासात रस असलेल्या लोकांपलीकडे फारसं कुणी घेत नाही. हे वाचताना मला तुमच्याच टेबलाची आठवण आली.

माझ्या रोजच्या कामात तुमच्यामुळे काय बदललं, तेही सांगून ठेवते. नवीन काम आलं की पेन्सिल उचलण्याआधी मी प्रकाशकाला दोन प्रश्न विचारते: कागद कोणता आणि बाइंडिंग कुठलं? बत्तीस पानांचं पुस्तक असेल तर बत्तीसही थंबनेल, म्हणजे पानांची छोटी रेखाटनं, एका कागदावर मांडते आणि मधली घडी आधी आखून घेते, म्हणजे कुणाचा चेहरा तिच्यात सापडत नाही. चारही बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी पानाबाहेर वाढवलेलं चित्र, आता हाताला आपोआप सुटतं. बारीक काळी रेघ वेगळ्या लेयरवर आणि फक्त काळ्या शाईत, म्हणजे रजिस्टर, रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर हललं तरी रेघेला रंगीत सावली येत नाही. आणि कोटेशनमध्ये प्रूफ बघण्याचा वेळ धरते, त्याचे पैसेही धरते. "ते छापखाना बघून घेईल" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे सांगते की छापखान्याबरोबर मीही बघणार आहे. हे म्हणायचं धाडस तुम्ही दिलंत. घरात एकटीने काम करताना आपली बाजू मांडणं जिवावर येतं, पण कामाची पूर्ण माहिती असली की आवाज चढवावा लागत नाही.

त्या दोन रंगांच्या पुस्तिकेचं तर विसरूच शकत नाही. बजेट तुटपुंजं, चार रंग परवडणार नव्हते, आणि मी ते काम जवळजवळ सोडून दिलं होतं. तुम्ही म्हणालात, "दोन शाया एकमेकींवर चढव, तिसरा रंग फुकट मिळेल." नारिंगी आणि हिरवट निळा असे दोनच रंग आपण घेतले. जिथे ते एकमेकांवर आले तिथे खोल तपकिरी उतरला, आणि कागदाचा पांढरा होताच. प्रत्येक चित्र मला दोन थरांत वेगवेगळं काढावं लागलं, दोन्ही थर नुसते काळ्यात, आणि एकत्र कसे दिसतील ते मनात बघत. इतकं मन लावून मी फार कमी कामं केलीत. आज नवीन प्रकाशकाला माझं काम दाखवायचं असलं की मी आधी तीच पुस्तिका पुढे करते.

तुम्ही यातल्या कशाचेही कधी पैसे घेतले नाहीत, आणि कधी घाईतही "नंतर बघू" म्हटलं नाहीत. मशीन थांबलेलं असताना, मागे लोक खोळंबलेले असताना, तुम्ही मला डॉट गेन, म्हणजे ठिपक्याचं कागदावर पसरणं, समजावून सांगत होतात. ज्ञान मुठीत धरून बसणाऱ्यांची या धंद्यात कमी नाही. तुम्ही मूठ कायम उघडी ठेवलीत. मनापासून आभारी आहे, काका.

आता कामाचं. नव्या पुस्तकाच्या फायली पुढच्या आठवड्यात पोहोचतील. कागद पुन्हा बिनकोटिंगचाच आहे आणि या वेळी आठ पानं पावसाची आहेत, म्हणजे राखाडीच राखाडी. तो शक्यतो काळ्या शाईतून आणलाय, तरी पान बारा आणि तेरा एकदा तुम्ही डोळ्यांखालून घाला. प्रूफला मी येतेच आहे. प्रकाशकांशी बोलून झालंय, श्रेयाच्या पानावर मुद्रणालयाच्या नावाखाली "प्री-प्रेस" अशी एक ओळ वाढतेय. तिथे तुमचं पूर्ण नाव कसं लिहायचं, ते तेवढं कळवा.

तुमची,
रात्रीच्या आभाळवाली इलस्ट्रेटर