खासगी ॲप्सची पॅकेजेस उघड्यावर नकोत

महोदय,

इंदूरमधील शाळा, दवाखाने आणि पतसंस्था यांची अंतर्गत ॲप्स अनेकदा शहरातल्याच लहान सॉफ्टवेअर कंपन्या तयार करून देतात. अशा ॲपची नवी आवृत्ती व्हॉट्सॲपवर फाइल पाठवून किंवा कोणालाही उघडता येईल अशा लिंकवरून वाटली जाते, ही गोष्ट मला गंभीर वाटते. कारण हाती आलेली फाइल मूळ कंपनीचीच आहे की मध्ये कोणी बदलली, हे वापरणाऱ्याला कळण्याची सोय त्यात नसते.

हे टाळायला महागडी यंत्रणा लागत नाही. पॅकेज म्हणजे वाटपासाठी बांधलेली सॉफ्टवेअरची फाइल, आणि पॅकेजचे भांडार म्हणजे मुळात काही फाइली आणि त्यांची एक सूची. डेबियन या लिनक्स प्रणालीची पॅकेजेस असोत वा हेल्म या सर्व्हरवर ॲप्स बसवणाऱ्या साधनाचे चार्ट (त्याची पॅकेजेस), रचना हीच असते, म्हणून स्वतंत्र सर्व्हर न चालवता क्लाउड स्टोरेजवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या साठवणीत, ते ठेवता येते. ॲमेझॉनच्या एस-३ या साठवण सेवेत एप्रिल २०२३ पासून नव्या बकेटवर (फाइली ठेवण्याच्या कप्प्यावर) सार्वजनिक प्रवेश रोखणारी व्यवस्था आपोआप चालू असते. पण ‘ॲक्सेस डिनाइड’ (प्रवेश नाकारला) असे दिसताच घाईने बकेट सर्वांना खुले करून टाकण्याची सवय घातक आहे. बंद बकेट थेट वाचणे प्रत्येक साधनाला जमत नाही हे खरे. हेल्मसाठी प्लगइन मिळते, तर पिप या पायथन भाषेची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनासाठी मध्ये ओळख तपासणारा छोटा प्रॉक्सी (मध्यस्थ प्रोग्राम) ठेवावा लागतो. मात्र एवढे कष्ट घ्यायलाच हवेत. बाहेरच्या व्यक्तीला एखादीच फाइल द्यायची असेल, तर काही तासांत संपणारी स्वाक्षरीयुक्त लिंक पुरते.

प्रकाशनाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी पॅकेज चढवावे आणि मगच सूची बदलावी, नाहीतर सूचीत नाव दिसते आणि फाइल सापडत नाही. एकदा दिलेल्या आवृत्ती क्रमांकावर दुसरी फाइल कधीही चढवू नये.

नावांचा धोका तर अनेकांच्या गावीही नसतो. ॲलेक्स बिरसन या संशोधकाने २०२१ मध्ये दाखवून दिले की मोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजच्या नावाचे पॅकेज सार्वजनिक भांडारात चढवले, तर त्यांच्या यंत्रणा तेच उचलतात. पिपला खासगी भांडार केवळ ‘अतिरिक्त’ म्हणून सांगितले, तर खासगी आणि सार्वजनिक यांपैकी ज्याचा आवृत्ती क्रमांक मोठा, ते पॅकेज तो घेतो. त्यामुळे खासगी भांडार हेच एकमेव ठिकाण म्हणून नोंदवावे आणि लागणारी सार्वजनिक पॅकेजेस तपासून त्यातच आणून ठेवावीत.

ॲप बनवून घेणाऱ्या संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की स्टोरेजचे खाते संस्थेच्याच नावावर असावे आणि अँड्रॉइड ॲपवर सही करणारी डिजिटल किल्ली (ॲप मूळ निर्मात्याचेच आहे हे पटवणारी गुप्त फाइल) पॅकेजेसपासून वेगळी, संस्थेच्या ताब्यात राहावी, अशी अट करारात लिहून घ्यावी. ती किल्ली हरवली, तर कर्मचाऱ्यांच्या फोनमधील ॲपवर नवी आवृत्ती बसत नाही; जुने ॲप काढून टाकावे लागते आणि त्यासोबत फोनमध्येच साठवलेली माहितीही जाते.

आपला,
एक संगणक अभियंता, इंदूर